पाच मार्कांची कबुली

दरवर्षी नवा वर्ग भरला की मी एकच प्रश्न विचारते, "हा विषय का घेतलात?" आणि दरवर्षी एकच उत्तर येतं, "भरतीसाठी, मॅडम." भरती म्हणजे पोलीस भरती. विषयाचं नाव फौजदारी न्याय. विद्यापीठाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर विषयाची उद्दिष्टं छापलेली आहेत, सगळी 'जाणीव निर्माण करणे' आणि 'दृष्टिकोन विकसित करणे' छापाची. पहिल्या तासाला मी ती वाचून दाखवते, कारण तसा नियम आहे. तोवर निम्मा वर्ग पेंगत असतो. पहाटे मैदानावर धावून, गोळा फेकून आलेली पोरं ती, त्यांना काय बोलणार! मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे भरतीला येतं का?" नाही म्हटलं की पेनं खाली.

आता मीही भांडत नाही. पूर्वी भांडायचे. मधे कायद्यांची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, तीनशे दोनचं एकशे तीन झालं आणि जन्मभर पाठ केलेलं सगळं रद्दीत गेलं. नवे आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत. पोरंच मला दुरुस्त करतात आणि मी "बरं बाबा" म्हणते.

मी मुळात वकील. काही वर्षं काळा कोट घालून कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहिले, पण जमलं नाही. तोंडावर खरं बोलायची खोड, त्यामुळे पक्षकार टिकायचे नाहीत. मग शिकवायला लागले. राहते शहापूरला, कॉलेज मुरबाडकडच्या रस्त्याला. सकाळच्या एसटीने किन्हवलीवरून जायचं आणि दुपारी तसंच परत यायचं. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय, मी तेवढी रेटते आहे.

त्याच एसटीत शेणव्याच्या पुढच्या एका फाट्यावर एक मुलगी चढायची. माझ्याच वर्गातली. फाट्यापासून आत चालत गेलं की तिचं गाव, भात आणि नाचणी करणाऱ्यांचं. परतीच्या गाडीत मी उभी दिसले की ही चटकन उठायची. "बसा मॅडम, गुडघे दुखत असतील." मी म्हणायचे, "माझ्या गुडघ्यांची जाहिरात करू नको गो बसभर." ती हसायची. शेवटी बसायचे मीच.

पहिल्या दिवशी माझ्या प्रश्नाला वेगळं उत्तर देणारी ती एकटी. उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात पोलिसांची गाडी आली की मानसं पळतात. काय केलेलं नसलं तरी पळतात. मी वर्दीत गेले तर पळणार नायत." वर्ग हसला. मीही हसले. मनात म्हटलं, हिचं वर्दीचं भूत तीन वर्षांत उतरेल.

उतरलं नाही. आठशे मीटर धावताना तिच्या पुढे कोणी नसायचं, आणि लिहिण्यातही ती पुढेच होती. अक्षर असं की पेपर तपासताना डोळ्यांना बरं वाटायचं. गावातले सगळे अर्ज तीच लिहायची, रेशनकार्डापासून तुटलेल्या खांबापर्यंत.

ती दुसऱ्या वर्षाला असतानाच्या मार्चमधे तिच्या गावच्या बायांनी फाट्यावर रस्ता अडवला. पाण्यासाठी. आमच्या तालुक्यात धरणं आहेत, पण पाणी मुंबईला जातं आणि इथल्या विहिरी होळीलाच तळ दाखवतात. टँकर महिनाभर नुसता कागदावर येत होता. बाया रिकामे हंडे रस्त्यात मांडून बसल्या. तासाभराने पोलीस आले, नावं लिहून घेतली, टँकरचं आश्वासन मिळालं, बाया घरी गेल्या. जमावबंदीचा आदेश मोडला म्हणून तेरा जणींवर गुन्हा दाखल झालाय हे त्यांना समन्स आलं तेव्हा कळलं. आणि समन्स आलं जुलैत, ऐन आवणीत.

आवणी म्हणजे भाताची रोपं काढून चिखलात लावायचं काम. तिच्या गावात अजून जुनी रीत आहे. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात लावायचं, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. पाळी लावलेली असते. एक घर चुकलं तर पुढच्या सगळ्यांचं बिघडतं आणि रोप म्हातारं झालं की भात येत नाही. अशात तेरा जणींनी कोर्टाच्या तारखा कशा करायच्या?

तेव्हा तिचा मला फोन आला. मी घरी विद्यापीठाच्या समितीसाठी तक्ते भरत बसले होते. 'अभ्यासक्रमाची फलनिष्पत्ती' असा एक रकाना होता आणि त्यात काय लिहावं म्हणून मी दातात पेन धरलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, त्या रास्ता रोकोची केस आली. माझं पण नाव हाय. बाया म्हणतात, कबूल करून टाकू, एका दिवसात मोकळं होऊ. काय करू?"

मी विचारलं, "कलम काय लावलंय?" तिने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "अगं, किरकोळ आहे. कबूल करा नि मोकळ्या व्हा. तारखा करत बसलात तर वर्ष जाईल."

"नक्की ना, मॅडम?"

"नक्की गो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. जा, आवणी करा."

फोन ठेवला आणि रकान्यात लिहून टाकलं, 'विद्यार्थ्यांमध्ये न्यायाविषयी संवेदना निर्माण होते'. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच मी वर्गात चाचणी घेतली होती. 'आरोपीची कबुली' यावर टीप लिहा, पाच मार्क. तिला चार दिले होते.

कोर्टात काय झालं ते तिने नंतर एसटीत सांगितलं. त्या दिवशी खूप कामं होती. तेरा जणींना एका ओळीत उभं केलं, आरोप वाचला आणि विचारलं, "कबूल आहे का?" गावातून निघतानाच ठरलेलं होतं, एकीने बोलायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची. कबूल, साहेब. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. दुपारपर्यंत घरी जाऊ म्हणून कबूल केलेल्या बाया संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून बसल्या, आणि तिकडे ज्या घराची पाळी होती त्याची रोपं तशीच राहिली. हे सांगताना ती हसत होती. मीही हसले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढे ती पास झाली, मी विसरले. वर्षाला इतकी पोरं येतात आणि जातात. मग एके दिवशी पेढे घेऊन घरी आली. मैदान झालं, लेखी झाली, निवड यादीत नाव लागलं. गावातून पोलिसात जाणारी पहिलीच. पेढा तोंडात घालते तोवर तिने पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणीसाठी भरायचा असतो तो. एका ओळीवर तिचं बोट होतं. 'आपणास कधी न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?'

"मॅडम, इथं काय लिहू?"

पेढा घशाशी अडकला. खरंच अडकला, खोकला येऊन डोळ्यांतून पाणी आलं. ती धावत पाणी घेऊन आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"पोरं म्हणतात नाय लिही," ती म्हणाली. "एवढीशी केस कोण बघतो? पन नाय लिवलं आणि सापडलं तर खोटं बोलली म्हणून काढतील. लिवलं तर घेनारच नायत."

"होय लिही," मी म्हटलं.

"नक्की ना, मॅडम?"

तोच प्रश्न, तोच आवाज. या खेपेला मला नक्की म्हणता येईना. उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "त्या दिवशी तू रस्त्यात नेमकी कुठे बसली होतीस? पुढे होतीस का?"

"मी? मी नव्हतेच तिथं."

"म्हणजे?"

"तुमच्याच वर्गात होते की. आदल्या दिवशी मी नुसतं निवेदन लिहून दिलेलं. सकाळी आपन एकाच गाडीला होतो. तुमी म्हनालात पन, आज तुझ्या फाट्यावर बाया कसल्या जमल्यात गो."

मला काही आठवत नव्हतं. मी ओरडले, "मग हे फोनवर का नाही बोललीस? मूर्ख मुली!"

ती शांतपणे म्हणाली, "तुमी विचारलं नाय, मॅडम. आणि बाया सगळ्या एकच बोलनार होत्या. मी येकटीनं नाय म्हटलं असतं तर पुन्हा तारीख पडली असती. माझ्यापायी त्यांची आवणी कशी बुडवू?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कपाटातून जुनी हजेरीपत्रकं काढली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या. तारीख सापडली. तिच्या नावासमोर हजर, माझ्या हातची खूण. त्या दिवशी मी काय शिकवलं होतं कोण जाणे, दैनंदिनीत नुसतं 'उजळणी' लिहिलेलं होतं. म्हणजे गुन्हा घडला तेव्हा आरोपी माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या बाकावर बसली होती. तिच्या निर्दोषपणाचा सगळ्यात पक्का पुरावा माझ्याच कपाटात होता आणि मीच तिला सांगितलं होतं, कबूल कर.

तू तिथे होतीस का? एवढं विचारायला ना विद्यापीठ लागतं ना वकिलीची सनद. चहाच्या टपरीवरच्या माणसाने पहिलं तेच विचारलं असतं. मी कलम विचारलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

मग मी धावपळ सुरू केली, या गुडघ्यांनी जेवढी होते तेवढी. कोर्टात अजून वकिली करणाऱ्या एका जुन्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, कबुली दिल्यावर शिक्षेवर अपील नसतं. शिकवतेस ना तू हे?" म्हटलं, शिकवते. ती म्हणाली, वरच्या कोर्टात पुनरीक्षणाचा अर्ज करता येईल, पण उशीर का झाला ते सांगावं लागेल आणि निकाल कधी लागेल देव जाणे. तोवर पडताळणी समितीसमोर म्हणणं मांडा. किरकोळ गुन्हा असला आणि लपवलेला नसला तर ते विचार करू शकतात. करू शकतात, करतीलच असं नाही.

तर बायांचे जबाब घ्यायला मी तिच्या गावाला गेले. तिच्या आईने अंगणात घोंगडी टाकली, कोरा चहा दिला. बाकीच्या बाया जमल्या. मी विचारलं, "ही नव्हती तर हिचं नाव पोलिसांना दिलं कोणी?"

आई ताठ मानेने म्हणाली, "मी दिला. पोलिसान इचारला, अर्ज कोनी लिवलाय? मी बोलली, माझे पोरीन. काय अक्षर हाय तिचा! तो बोलला, नाव सांग. सांगितला. शाळा शिकलेली आमचेत तीच येक, तिचा नाव नको यादीत?"

मानाने दिलं होतं नाव. लग्नपत्रिकेत घालतात तसं. आईच्या चेहऱ्यावर अजून तोच अभिमान होता, तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं.  ती हळूच म्हणाली, "म्हंजे माज्यामुलं गेली काय तिची नोकरी?" मला वाटलं, नाही म्हणावं, माझ्यामुळे म्हणावं. पण शब्द जिभेवर येईपर्यंत बाया पुढे सरकल्या होत्या. मी जबाब लिहून नेलेले होते. कागद दिसताच बारा जणींनी अंगठे पुढे केले. "कुठं लावू गो बाय?"

माझा संयम सुटला. "अगं, आधी ऐका तरी काय लिहिलंय! कोणीही कागद आणला की अंगठा? यानेच तर घोटाळा झाला!"

सगळ्या दचकल्या. एक म्हातारी समजूत घालायच्या सुरात म्हणाली, "रागावू नको, बाय. तू मास्तरीन. तू सांगतेस म्हंजे बराबरच असंल."

 मी एकेक जबाब मोठ्याने वाचून दाखवला आणि प्रत्येकीला विचारलं, खरं आहे का. वेळ लागला, शेवटची एसटी गेली. तिच्या चुलत्याने मोटरसायकलवरून शहापूरला आणून सोडलं आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात माझे गुडघे मला शिव्या देत होते.

मी माझाही जबाब लिहिला. सदर दिवशी ही विद्यार्थिनी माझ्या वर्गात हजर होती, हजेरीची प्रत सोबत जोडली आहे. एवढं लिहून थांबले. पुढचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. गुन्हा कबूल करण्याचा सल्ला मीच दिला होता आणि ती तिथे होती का, हे विचारलं नव्हतं. त्या दोन दिवसांत किती सबबी सुचल्या! नोकरी, लोक काय म्हणतील, प्राचार्य काय म्हणतील. शेवटी लिहिलं. तिला वाचायला दिलं तर तिने ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हे काढा ना मॅडम. तुमचं नाव कशाला?"

"राहू दे," मी म्हटलं.

समितीने तिला बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते, मला आत घेतलं नाही. बाहेर आली तेव्हा ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. आत एकच प्रश्न झाला, म्हणाली. साहेबांनी विचारलं, "तू तिथे नव्हतीस तर कबूल कशाला केलंस? तू तर हाच विषय घेऊन पदवी घेतलीस. कबुली म्हणजे काय ते शिकवलं नव्हतं?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, शिकवलं होतं साहेब. पाच मार्कांना होतं. मला चार पडले."

महिनाभराने पत्र आलं. दोन ओळींचं. नियुक्तीसाठी पात्र नाही. तिच्याबरोबर निवडलेली पोरं ट्रंका घेऊन प्रशिक्षणाला गेली. वरच्या कोर्टातला अर्ज मी दाखल केलाय. काळा कोट घालून मीच उभी राहते, तारीख पडते, आम्ही दोघी परत येतो. तो निकाल लागेपर्यंत पुढच्या प्रत्येक भरतीच्या फॉर्मवर त्या ओळीत तिला 'होय'च लिहावं लागणार. तरी ती पहाटे धावते. आईला अजून वाटतं, सगळं तिच्यामुळेच झालं. मी दोनदा समजावलं, पण तिला पटत नाही.

गेल्या तारखेला कोर्टाबाहेर चहा पिताना तिची पिशवी माझ्या मांडीवर होती. वही काढायला गेले तर आतून एक घडी घातलेला कागद निघाला. चाचणीची ती जुनी उत्तरपत्रिका.

"ही कशाला घेऊन फिरतेस?"

"समितीला दाखवायला नेलेली. मग नाय दाखवली."

मी कागद उघडला. तेच सुरेख अक्षर. कबुली स्वखुशीने हवी, परिणाम समजून दिलेली हवी, सगळं बरोबर. खाली तिने एक वाक्य जास्तीचं लिहिलं होतं. 'आमच्या गावात माणसं गुन्हा केला म्हणून नाही, तर शेतात लवकर परत जायचं म्हणून कबूल करतात, म्हणून कोर्टाने आधी विचारलं पाहिजे की तू तिथं होतास का.'

त्या वाक्याला लाल शाईने गोल केलेला. समासात माझं अक्षर. 'विषयाबाहेर. एक मार्क कमी.'

"का नाही दाखवलीस?" मी विचारलं. "हेच तर दाखवायचं होतं. तुला सगळं कळत होतं."

"तुमचा शेरा होता ना त्याच्यावर," ती म्हणाली. "त्यांनी तुमाला नावं ठेवली असती."

तिने चहाचे ग्लास उचलले आणि टपरीवर द्यायला गेली. मी पर्समधून पेन काढलं, तो शेरा खोडावा म्हणून. मग तसंच ठेवून दिलं. खाडाखोड केलेल्या कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही, हेही मीच शिकवते.